‘गोड बंद’ लिहिलं की काम झालं का? पानगळीचे रंग आणि वाटीभर सफरचंद

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माझ्या दवाखान्यात एक ठरावीक जोडपं येतं. चेहरे वेगळे, पण वय साठी-सत्तरीचं, हातात औषधांची यादी आणि तोंडी एकच वाक्य, “मॅडम, मुलाकडे अमेरिकेला चाललोय, सहा महिन्यांची औषधं लिहून द्या.” मी औषधं लिहिते, सही-शिक्का करते आणि मधुमेह असेल तर शेवटी एक ओळ टाकते : गोड बंद.

ही ओळ मी पंचवीसेक वर्षं लिहीत आले. ती अपुरी आहे आणि काही रुग्णांचं तिने नुकसानही होतं, असं आता माझं मत झालं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण बॉस्टनजवळ मुलाकडे राहून परत आले. वय सत्तर, मधुमेह बारा वर्षांचा. एचबीएवनसी 6.4. रिपोर्ट पाहून मी खूश झाले. मग काकांकडे पाहिलं. वजन पाच किलोंनी उतरलेलं, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार, बोलणं अगदी कमी. काकू म्हणाल्या, “हे घराबाहेर पडलेच नाहीत. थंडीत काही झालं तर तिथला खर्च कोण करणार, हीच धास्ती. सगळे सफरचंदं तोडायला बागेत गेले, हे घरी. रविवारी सून ओव्हनमध्ये सफरचंदाचं काहीतरी करायची. सगळे टेबलाशी जमले की हे वर खोलीत जायचे. समोर दिसलं तर खावंसं वाटेल म्हणून.”

काका एवढंच म्हणाले, “तुम्ही सांगितलं तसंच वागलो, मॅडम.”

रुग्णाने पथ्य पाळलं नाही म्हणून आम्ही डॉक्टर रागावतो. इथे रुग्णाने पथ्य तंतोतंत पाळलं होतं. चूक माझ्या कागदावर होती. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी स्वतः त्याच भागात मुलीकडे गेले आणि काकांच्या हातून काय निसटलं ते तिथे कळलं.

पानं रंगतात म्हणजे काय होतं?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सहा राज्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात. उत्तरेकडच्या व्हरमाँटमध्ये सप्टेंबरअखेरीस रंग सुरू होतात आणि बॉस्टनपर्यंत पोचायला ऑक्टोबरचा मध्य उलटतो. न्यू हॅम्पशायरमधल्या कँकामागस रस्त्यावरून आम्ही गेलो, तेव्हा दोन्ही बाजूंचे डोंगर पिवळे, नारिंगी आणि लालभडक झाले होते.

यामागचं विज्ञान सोपं आहे. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातलं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. आधीचं हरितद्रव्य मोडत जातं आणि त्याच्याखाली उन्हाळाभर झाकलेला पिवळा-नारिंगी रंग दिसू लागतो. हा रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजराला ज्या कुळातलं द्रव्य रंग देतं त्याच कुळातला. लाल रंग मात्र नव्याने तयार होतो. तो अँथोसायनिनचा. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा असेल तर तो जास्त खुलतो. आपल्याकडे आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते, तीही याच द्रव्यामुळे. आपल्याकडे झाडं हा रंग पानाच्या जन्माला वापरतात, तिथला मेपल पान गळण्याआधी वापरतो.

पण डॉक्टरला याच्याशी काय करायचंय?

बरंच काही. हे रंग पाहायला घराबाहेर जावं लागतं आणि चालावं लागतं, हा त्यातला पहिला फायदा.

घरात दिवे लावून बसलो तर डोळ्यांना तुलनेने कमी प्रकाश मिळतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो कित्येक पटींनी जास्त असतो. झोप-जागेपणाचं शरीरातलं घड्याळ या सकाळच्या प्रकाशावर लागतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे करतात आणि मग बॉस्टनला संध्याकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या लोकांना याची अजिबात सवय नसते. अंधार लवकर होणं, मुलं कामावर, बोलायला कुणी नाही, यातून अनेक आई-वडील खचतात. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं. तो मनाचा दुबळेपणा नाही, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

ड जीवनसत्त्वाचंही तसंच. बॉस्टनच्या अक्षांशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उन्हात बसूनही त्वचेत ते जवळपास तयार होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला तर एरवीही जास्त ऊन लागतं. म्हणून ऑक्टोबरचं ऊन वाया घालवू नये आणि पुढच्या महिन्यांसाठी गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावं.

चालण्याबद्दल मी नेहमीच बोलते, तरी पुन्हा सांगते. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना नेहमीइतकं इन्सुलिन लागत नाही. उतारवयात सहा महिने बसून काढले की हेच स्नायू झिजतात. काकांचे पाच किलो गेले त्यात चरबी किती आणि स्नायू किती, याचं उत्तर त्यांच्या खुर्चीतून उठण्यात होतं.

आता त्या वाटीबद्दल

काकू ज्याला ‘सफरचंदाचं काहीतरी’ म्हणाल्या, ते ॲपल क्रिस्प. खाली फळांच्या फोडी, वर ओट्स आणि लोण्याचा कुरकुरीत थर. मुलीच्या घरी मी ते स्वतः केलं. चार मध्यम सफरचंदं सालासकट चिरली, त्यावर लिंबाचा रस आणि चमचाभर दालचिनी पूड घातली. एक कप ओट्स, मूठभर अक्रोडाचे तुकडे, तीन मोठे चमचे लोणी आणि दोन मोठे चमचे ब्राउन शुगर हाताने चोळून वर पसरलं. 180 अंश सेल्सिअसला 40-45 मिनिटं ठेवलं. बाहेर सहा-सात अंश तापमान, खिडकीच्या काचेवर वाफ आणि घरभर दालचिनीचा वास. आठ जणांना पुरलं.

हिशेब करू. एका मध्यम सफरचंदात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं आणि सालासकट खाल्लं तर चार ग्रॅमच्या वर तंतू असतात. ओट्स आणि साखर धरून अशा एका वाटीत साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं येतात, म्हणजे दीड पोळीइतकी. त्या जेवणात दीड पोळी कमी खाल्ली आणि नंतर पंधरा मिनिटं चाललात, तर बहुतेकांच्या साखरेचा तोल बिघडत नाही. वर आइस्क्रीमचा गोळा घेतलात तर मात्र साखर आणि चरबी दोन्ही वाढतात. तो नातवंडांना द्या.

दालचिनीने मधुमेह बरा होतो, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. तसं काही नाही. बाजारातल्या सर्वसाधारण कॅसिया दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते रोज जास्त घेतलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. चवीपुरती घाला, औषध म्हणून खाऊ नका.

यावर काहीजण म्हणतील

“मॅडम, एकदा सूट दिली की रुग्ण सुटतातच.” माझे काही डॉक्टर मित्रही हेच म्हणतात. त्यात तथ्य आहे. डबा उघडला की संपेपर्यंत थांबता न येणारे रुग्ण मीही पाहते. ज्यांची साखर सतत 250-300 आहे, त्यांना आधी उपचार नीट बसवावे लागतील. पण सरसकट बंदीने लोक गोड सोडतात असा माझा अनुभव नाही. बरेचजण चोरून खातात आणि चोरून खाल्लेल्याचं माप कुणी ठेवत नाही. जे खरोखर सोडतात, त्यातले काही काकांसारखे टेबलावरूनच उठून जातात. सत्तरीच्या माणसाला 6.4 चा आकडा मिळवून देण्यासाठी त्याची भूक, स्नायू आणि माणसं घालवणं हा चांगला सौदा नाही. तब्येत बरी असलेल्या ज्येष्ठांना 7 ते 7.5 च्या आतलं एचबीएवनसी सहसा पुरतं, आणि जे थकलेले आहेत त्यांच्यासाठी आणखी थोडी मोकळीक असते.

जाणार असाल तर एवढं सांभाळा

- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी लांब फिरायला जाऊ नका. खिशात साखर ठेवा.
- ओली पानं शेवाळासारखी निसरडी असतात. पकड असलेले बूट घाला. या वयात खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं.
- त्या भागातल्या पालापाचोळ्यात बारीक गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर अंग तपासा, गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून काढा. नंतर लाल चकंदळ किंवा ताप आल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा.
- दमा किंवा हृदयविकार असेल तर गार वाऱ्यात नाका-तोंडावर मफलर घ्या. चालताना छातीत दुखलं तर थांबा आणि मदत घ्या.
- निघण्याआधी फ्लूची लस आणि प्रवासाचा आरोग्य विमा, दोन्ही करून घ्या. बाहेर पडण्याची निम्मी धास्ती तिथेच कमी होते.

काका या सप्टेंबरात पुन्हा चालले आहेत. त्यांच्या कागदावर या वेळी मी ‘गोड बंद’ लिहिलं नाही. लिहिलं ते असं : रोज सकाळी अर्धा तास बाहेर चालणं. जेवणात डाळ, अंडी, दही नियमित. रविवारी सगळ्यांबरोबर बसून एक वाटी क्रिस्प, आइस्क्रीमशिवाय, त्या जेवणात पोळी कमी. त्यानंतर नातवाबरोबर एक फेरी.

काकूंनी तो कागद दोनदा वाचला आणि पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी ठेवला.

(प्रत्येकाचा मधुमेह आणि औषधं वेगळी असतात. आहारात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.)