बाग सार्वजनिक, पण जमीन कोणाची?

‘सार्वजनिक’ हा शब्द कानाला मोठा गोड लागतो. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक बाग असें कोणी म्हटलें कीं ऐकणारा मान डोलावतो आणि पुढें कांहीं विचारीत नाहीं. आमच्या शेतकरी-कारागीर वर्गानें मात्र हा शब्द ऐकतांच दोन प्रश्न विचारण्याची संवय लावून घेतली पाहिजे. पहिला प्रश्न, ही वस्तु ज्या जमिनीवर उभी राहिली ती जमीन पूर्वीं कोणाची होती? दुसरा प्रश्न, ती उभी राहिल्यावर तिच्यांत पाय ठेवण्याची मोकळीक खरोखर कोणाला मिळाली? हे दोन प्रश्न विचारल्यावांचून सार्वजनिक कामाची स्तुति करूं नये आणि निंदाहि करूं नये.

उदाहरणासाठीं एका दूरदेशच्या बागेची हकीकत सांगतों. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत सेंट्रल पार्क नांवाची बाग आहे. तिचें क्षेत्र ८४३ एकर. लांबी अडीच मैल, रुंदी अर्धा मैल. आपल्याकडील एखाद्या लहान गांवाचें सबंध शिवार उचलून शहराच्या ऐन वस्तींत नेऊन ठेवावें, एवढी ही जागा. चोहोंकडे आभाळाला टेकलेल्या इमारती आणि मध्यें तळीं, कुरणें, खडक व झाडी. आंत जाण्यास तिकीट नाहीं. चित्र पाहणाऱ्याला वाटतें कीं, शहर वाढत असतां कोणा शहाण्यानें रानाचा एक तुकडा राखून ठेवला असेल. तसें मुळींच नाहीं. ती झाडी माणसांनीं लावलेली आहे, तीं तळीं माणसांनीं केलेलीं आहेत, आणि त्या हिरवळीखालीं एके काळीं माणसांचीं घरें होतीं.

१८२५ सालीं न्यूयॉर्कची दाट वस्ती बेटाच्या दक्षिण टोकाला होती; उत्तरेकडे शेतें, माळ आणि खडक. त्या सालीं व्हाइटहेड नांवाच्या मालकानें आपली तिकडील जमीन लहान लहान तुकडे पाडून विकावयास काढली. अँड्र्यू विल्यम्स नांवाचा २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण लोकांच्या जोड्यांना पॉलिश करून पोट भरीत असे. त्यानें १२५ डॉलर मोजून तीन तुकडे घेतले. एपिफनी डेव्हिस नांवाच्या दुकानांतल्या नोकरानें ५७८ डॉलरांस बारा तुकडे घेतले. त्यांच्या चर्चच्या पंचांनींहि कांहीं तुकडे घेतले. न्यूयॉर्क राज्यांत गुलामगिरी पुरती बंद झाली ती १८२७ सालीं. म्हणजे ही खरेदी झाली तेव्हां त्याच राज्यांत माणूस माणसाच्या मालकीचा असूं शकत होता! अशा काळांत जोडे पुसणारा माणूस स्वतःच्या नांवानें खरेदीखत करून घेतो, ह्याचें मोल आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. जमिनीच्या उताऱ्यावर आपलें नांव लागावें म्हणून सारा जन्म घालविलेले लोक आपल्यांत थोडे नाहींत.

ह्या वस्तीला सेनेका व्हिलेज असें नांव पडलें. १८५५ च्या सुमारास तेथें सुमारें २२५ माणसें राहात होतीं. त्यांपैकीं दोनतृतीयांश कृष्णवर्णीय. बाकीचे बहुतेक आयर्लंडहून आलेले गरीब लोक, आणि थोडे जर्मन. तीन चर्चें होतीं, एक शाळा होती, दफनभूमि होती. जमिनीच्या मालकीला तेथें आणखी एक महत्त्व होतें. १८२१ च्या राज्यघटनेप्रमाणें कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यावयाचें तर त्याच्यापाशीं २५० डॉलरांची मालमत्ता असली पाहिजे, अशी अट होती. गोऱ्यांवरील मालमत्तेची अट लवकरच उठली. ह्यांच्यावरची तशीच राहिली. त्यामुळें जमिनीच्या तुकड्यांत नुसती भाकर नव्हती, मताचा हक्कहि होता. ह्याच वस्तींत जमीन असलेले अल्ब्रो लायन्स हे दक्षिणेकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा देत. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या लोकांना अर्पण केलें, ते गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेले लोक. लायन्स यांच्यासारखीं माणसें त्याच कामांत होतीं, हें आपण ध्यानांत ठेवावें.

पुढें शहरांतील श्रीमंत व्यापारी व वर्तमानपत्रांचे संपादक म्हणूं लागले कीं, लंडन-पॅरिसला मोठाल्या बागा आहेत, मग आपल्याला कां नसावी? पहिल्यानें १८५१ सालीं पूर्वेकडील नदीकांठची जोन्सेस वूड ही राई घेण्याचें ठरलें. ती श्रीमंत घराण्यांची होती. त्यांनीं वकील दिले, कोर्टांत झगडले आणि आपली राई वांचविली. बेटाचा मधला भाग पसंत करण्यास इतर कारणेंहि होतीं, हें मी नाकारीत नाहीं. जागा मोठी मिळत होती, आणि शहराचे पाण्याचे जलाशय तेथेंच होते. परंतु ज्यांच्यापाशीं वकील होते त्यांचीं झाडें वांचलीं आणि ज्यांच्यापाशीं नुसतीं खरेदीखतें होतीं त्यांचीं घरें गेलीं, हें डोळ्याआड करतां येत नाहीं.

१८५३ सालीं कायदेमंडळानें मधली जमीन सक्तीनें घेण्याचा अधिकार दिला. मग वर्तमानपत्रांतून येऊं लागलें कीं, तेथले लोक उपरे आहेत, डुकरें पाळून घाण करणारे आहेत, परक्याच्या जमिनींत झोंपड्या घालून बसले आहेत. खरेदीखतें असलेल्यांनाहि त्याच मापानें मोजलें. ही युक्ति फार जुनी आहे. ज्याचें घर घ्यावयाचें त्याला आधीं घाणेरडा ठरवावा, म्हणजे घर घेणें हें पुण्यकर्म होतें.

विल्यम्सनें आपल्या घराचे व तीन तुकड्यांचे ३,५०० डॉलर मागितले. २,३३५ हातीं पडले. भाडेकऱ्यांच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं. १८५७ च्या ऑक्टोबरपर्यंत सेनेका व्हिलेज रिकामें झालें. बागेच्या सबंध जागेवरून सुमारें १,६०० माणसें उठविलीं गेलीं. मालकांना मोबदला मिळाला हें खरें, आणि १२५ चे २,३३५ झाले हेंहि खरें. पण किंमत घराची मिळते, गांवाची मिळत नाहीं. शेजार, शाळा, देवाचें ठिकाण, वडिलांच्या समाध्या, ह्यांचा पंचनामा कोणता अंमलदार करतो? ते लोक पांगले ते पांगलेच. पुन्हां एके ठिकाणीं गांव म्हणून वसले नाहींत.

आतां बाग करणारांविषयीं. १८५८ सालीं नकाशांची चढाओढ झाली. ३३ नकाशे आले. त्यांत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स ह्या दोघांचा पसंत पडला. त्यांची बुद्धि थोर होती हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. श्रीमंत आणि गरीब ह्यांनीं एकाच झाडीखालून फिरावें, अशी ओल्मस्टेडची इच्छा होती. शहराचे चार आडवे रस्ते त्यांनीं बागेच्या पातळीखालून नेले, म्हणजे गाड्यांचा खडखडाट फिरणाराच्या कानीं पडूं नये. ती योजना आजहि कामास येते. आणि राबले कोण? सुमारें २०,००० माणसें. आयरिश मजूर, जर्मन माळी, पाथरवट ह्यांनीं सुरुंग लावून खडक फोडले, दलदली उपसल्या आणि २,७०,००० हून अधिक झाडें-झुडपें लावलीं. नकाशा काढणारांचीं नांवें पुस्तकांत आहेत. ज्यांच्या हातांना घट्टे पडले त्यांची तेवढी संख्या आहे.

आणि हीं झाडें लावणाऱ्यांना बाग मिळाली काय? आरंभीच्या दहा वर्षांत येणारांपैकीं निम्म्याहून अधिक लोक बग्ग्यांतून येत, आणि बग्गी बाळगण्याची ऐपत शहरांत शेंकडा पांचांनाहि नव्हती. नियम पहा. मेळा जमवून वनभोजन करावयाचें नाहीं. लहान दुकानदारानें आपल्या मालाच्या गाडींतून बायकामुलांना फिरवून आणावयाचें नाहीं. मुलांना कुरणावर चेंडू खेळावयाचा असेल तर शाळेच्या मुख्य मास्तरांची चिठ्ठी आणावी! मी स्वतः शाळामास्तर आहें, म्हणून ह्या नियमाचा अर्थ मला पुरता कळतो. जो पोर शाळेंत न जातां कारखान्यांत जातो, त्याला चिठ्ठी कोण देणार? म्हणजे ज्याला खेळाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच खेळ बंद. बँड वाजे तो शनिवारीं दुपारीं, मजूर कामावर असतां. रविवार हा त्याच्या सुटीचा एकुलता दिवस, आणि त्या दिवशीं बँड बंद.

वाचकहो, हे नियम कोणाला दया येऊन सुटले नाहींत. लोकांनीं ते धक्के देऊन सोडविले. १८८० नंतरच्या दशकांत मजुरांनीं चळवळ करून रविवारचा बँड मिळविला. प्राण्यांचा संग्रह, मुलांचा फिरता पाळणा, शेळ्यांच्या गाड्या हीं करमणुकीचीं साधनें आंत आलीं. १९०१ च्या उन्हाळ्यांत एका ठेकेदारानें अधिकाऱ्यांकडून परवानगी काढून ह्या बागेंत व शहरांतील दुसऱ्या एका बागेंत भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. चांगल्या जागेचे पांच सेंट, साध्या जागेचे तीन. उकाडा तर जीव घेणारा. लोक खुर्च्यांवर बसले. पैसेहि देईनात आणि उठतहि नात. गर्दी जमली, दंगा झाला, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि तो धंदा थोड्याच दिवसांत गुंडाळला. बसण्याची जागा विकत घ्यावयाची नसते, हा निकाल आधीं लोकांनीं दिला, मग कोर्टानें.

बागेंत ‘शीप मेडो’ म्हणजे मेंढ्यांचें कुरण आहे. तेथें १९३४ पर्यंत खऱ्या मेंढ्या चरत. तसेंच आज जें ग्रेट लॉन नांवाचें मोठें मैदान आहे, तेथें पूर्वीं जलाशय होता. १९३० नंतरच्या मंदींत त्या कोरड्या जलाशयांत बेकारांनीं झोंपड्या घातल्या. काम नसलेल्या गवंड्यांनीं तर विटांचें घर बांधून आपली कारागिरी दाखविली. १९३३ सालीं तीहि वस्ती उठली. एकाच बागेखालीं दोन वस्त्या गेल्या.

१९५६ सालीं बागेच्या अधिकाऱ्यानें एका बड्या खाणावळीच्या मोटारी उभ्या करण्यासाठीं मुलांच्या खेळण्याची जागा घेण्याचें ठरविलें. शेजारच्या आया मुलांच्या बाबागाड्या घेऊन यंत्रांपुढें उभ्या राहिल्या. शेवटीं त्या अधिकाऱ्यानें माघार घेतली आणि त्या जागीं मुलांचें क्रीडांगण झालें. १९६२ पासून बागेंतील नाट्यगृहांत शेक्सपिअरचीं नाटकें फुकट दाखवितात. २०१८ सालीं आंतल्या फिरण्याच्या रस्त्यांवरून मोटारी कायमच्या बंद झाल्या.

पण दार उघडलें म्हणजे सर्वांना सारखें उघडलें असें समजूं नये. १९८९ सालीं ह्याच बागेंत एका स्त्रीवर घोर अत्याचार झाला. त्याबद्दल १४ ते १६ वर्षांच्या पांच कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना पकडून शिक्षा दिल्या. खरा गुन्हेगार पुढें कबूल झाला आणि २००२ सालीं त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या. मुलांचीं वर्षें मात्र तुरुंगांत गेलीं तीं गेलीं. २०२२ च्या डिसेंबरांत बागेच्या उत्तर बाजूच्या एका दाराला ह्या निर्दोष सुटलेल्यांचें नांव दिलें गेलें.

आणि सेनेका व्हिलेजचें काय झालें? सव्वाशें वर्षांहून अधिक काळ त्याची कोणाला आठवण नव्हती. १९९२ सालीं रॉय रोझेन्झ्वाइग व एलिझाबेथ ब्लॅकमार ह्या इतिहासकारांनीं बागेच्या इतिहासांत ह्या वस्तीची हकीकत मांडली. २००१ सालीं तेथें फलक लागला. २०११ सालीं खोदकाम झालें. एका घराचा पाया, चहाची किटली आणि लहान मुलाचा जोडा सांपडला. वर्तमानपत्रांनीं ज्यांना उपरे म्हटलें, त्यांच्या घरीं किटली होती आणि मुलाच्या पायांत जोडा होता!

कोणी म्हणेल, १,६०० माणसें उठलीं म्हणून आज कोट्यवधींना मोकळी हवा मिळते. मग तक्रार कशाची? बाग नको, असें मी म्हणत नाहीं. हिशेब पुरता मांडा, एवढेंच म्हणतों. लाभ सर्वांचा आणि झीज नेहमीं एकाच थराची, ह्याला सार्वजनिक म्हणतां येत नाहीं. आणि बाग सार्वजनिक झाली ती १८५३ च्या कायद्यानें नव्हे. ती झाली रविवारचा बँड मागणाऱ्या मजुरांनीं, खुर्चीवरून न उठणाऱ्या माणसांनीं आणि यंत्रापुढें उभ्या राहिलेल्या आयांनीं.

आमच्या बांधवांनीं व भगिनींनीं ह्यांतून दोन गोष्टी घ्याव्या. जें सार्वजनिक म्हणून बांधलें आहे, तेथें आपल्या लेंकरांसह निःशंक जाऊन बसावें. न वापरलेला हक्क दुसऱ्याच्या पदरीं जातो. आणि आपल्या घरादाराचे कागद, आपल्या गांवाची हकीकत, वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या आठवणी लिहून ठेवाव्या. घरांत लिहिणारा नसेल तर शाळेंत जाणाऱ्या पोराला बसवून लिहवाव्या. जोडे पुसणाऱ्या विल्यम्सचें घर राहिलें नाहीं, पण त्याचें खरेदीखत झालें होतें, म्हणून दोनशें वर्षांनीं त्याचें नांव आपल्यापर्यंत येऊन पोहोंचलें.

— एक खेड्यांतला शाळामास्तर