शाळेचा नकार आणि आपला अर्ज

जून महिना उजाडला की नया नगरच्या गल्ल्यांतून हातात कागदांची पिशवी घेऊन हिंडणारे आईबाप दिसू लागतात. त्या पिशवीत मुलाचा जन्मदाखला, बापाचा जातीचा दाखला, घराचा भाडेकरार आणि गेल्या वर्षीची गुणपत्रिका असते. कोणाला पहिलीचा प्रवेश हवा असतो, कोणाला आठवीनंतर नववीचा, कोणाला दहावीनंतर अकरावीचा. खिडकीतून त्यांना काय उत्तर मिळते? "जागा भरल्या." "तुमचे कागद बसत नाहीत." "साहेब नाहीत, उद्या या." हे उत्तर तोंडी मिळते आणि आमचे पालक ते तोंडीच घेऊन घरी परततात. आमच्या मते खरी हानी येथेच होते; कारण जो नकार कागदावर नाही, त्याविरुद्ध दाद तरी कोणाकडे व कशाच्या आधारे मागावयाची?

या संबंधात १८५६ सालची धारवाडची हकीकत प्रत्येक बौद्ध कुटुंबाने आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. त्या वर्षीच्या जून महिन्यात एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला व तो नाकारला गेला. मुलगा रडत घरी बसला नाही. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने जुलैमध्ये ठराव करून उत्तर दिले. त्याचा आशय असा की, न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूने आहे. परंतु एका मुलासाठी शाळेचे दार उघडले तर उरलेली सारी मुले शाळा सोडतील, सबब प्रवेश देता येत नाही. न्याय तुझा, पण शाळा त्यांची! तथापि प्रकरण येथे मिटले नाही. हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारच्या या वागणुकीविषयी शंका व्यक्त केली, आणि १८५८ साली विलायतेतील कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व स्पष्ट केले. पुढे १८८२ च्या हंटर आयोगालाही या प्रकरणाचा विचार करावा लागला.

त्या मुलाला धारवाडच्या वर्गात बसावयास मिळाले, असे सांगून आम्ही वाचकांची खोटी समजूत घालणार नाही. पण त्याने अर्ज लेखी केला म्हणून नकार लेखी मिळाला, आणि नकार लेखी मिळाला म्हणून १९२८ साली बाबासाहेबांना बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनात तो सायमन आयोगापुढे जसाच्या तसा मांडता आला. बहात्तर वर्षांनंतर त्या मुलाचा अर्ज पुराव्याच्या कामी आला. तोंडी नकाराने हे झाले असते काय?

आता आपल्या काळाकडे वळू. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मीरा रोड स्थानकाबाहेर रिक्षा चालवितात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली. मुलीच्या अकरावीच्या अर्जाच्या वेळी एका लेखनिकाने त्यांना सांगितले, की धर्म बौद्ध लिहिलात तर अनुसूचित जातीची जागा मिळणार नाही. शेजाऱ्यांनीही सल्ला दिला, "पोरीच्या भल्यासाठी हिंदू लिहा, मनात काय आहे ते कोण बघतो?" गृहस्थ दोन रात्री झोपले नाहीत. वस्तुतः हा प्रश्न १९९० सालीच निकालात निघाला आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्या वर्षी दुरुस्ती होऊन बौद्धांचाही त्यात समावेश झाला. धर्मांतरामुळे अनुसूचित जातीचा हक्क बुडत नाही. उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळणाऱ्या जातीच्या दाखल्यात मूळ जात व बौद्ध धर्म या दोहोंची नोंद नीट आहे की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे. आणि शाळेच्या दप्तरातील नोंद मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्यावी, कारण दाखला घेऊन बाहेर पडल्यावर ते काम फार जिकिरीचे होते. लेखनिकाच्या अज्ञानापायी धर्म लपविण्याचे आम्हांस यत्किंचितही कारण नाही. आणि अकरावीच्या पसंतीक्रमाविषयी एक सूचना येथेच करून ठेवतो: पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावरून पहिला क्रमांक लिहू नये.

लहान मुलांसाठी कायदा अधिक बळकट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, या सबबीवरही नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा घेता येत नाही. याचा भंग झाल्यास कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे मीरा भाईंदर महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो व त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

नया नगरपुरती एक अडचण आहे. येथील वस्तीत अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे अशा शाळांना हा कायदा लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. यावरून शेजारच्या मुस्लिम बांधवांवर रोष धरणे सर्वस्वी चूक होईल. त्यांच्यातील गरीब बापही तीच पिशवी घेऊन त्याच रांगेत उभा असतो.

सरकार स्वतःच दार बंद करते तेव्हा काय करावे, हे २०२४ ने दाखविले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्के जागांच्या बंधनातून मुक्त केले. शहरात अशी शाळा एका किलोमीटरात कोठे नसते? म्हणजे हक्क कागदावर ठेवून जागा काढून घेतल्या. पालक व संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी स्थगिती मिळाली आणि १९ जुलै रोजी तो बदल घटनाबाह्य ठरून रद्द झाला. शाळा तोवर सुरू झाल्या होत्या, मुलांचे दिवस बुडाले. पण जागा परत आल्या.

तरीही दोन गोष्टी आम्हांस असमाधानकारक वाटतात व त्या आम्ही स्पष्ट बोलून दाखवितो. पहिली, हा मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपाशी संपतो. पंचवीस टक्क्यांतून आठ वर्षे शिकलेले मूल नववीच्या उंबरठ्यावर येते आणि पूर्ण फी भरा किंवा दाखला न्या, असे त्याला सांगितले जाते. जेथे शाळा सुटण्याचा धोका सर्वांत अधिक, तेथेच कायद्याने हात सोडला. ही मर्यादा दहावीपर्यंत नेलीच पाहिजे. दुसरी, तक्रारीच्या निर्णयाची तीन महिन्यांची मुदत. जूनमध्ये केलेल्या तक्रारीचा निकाल सप्टेंबरात लागला तर मुलाने तोवर काय करावे? इंग्लंडात पसंतीची शाळा न मिळालेल्या पालकाला स्वतंत्र समितीपुढे स्वतः उभे राहून आपले म्हणणे मांडता येते व समितीचा निर्णय शाळेवर बंधनकारक असतो. लंडनच्या आईला जे मिळते ते मीरा रोडच्या आईला का मिळू नये? महानगरपालिकेने प्रवेशाच्या तक्रारींसाठी मे व जून महिन्यांत सुनावणी ठेवावी, पंधरा दिवसांत निर्णय द्यावा, आणि प्रत्येक शाळेने नकाराचे कारण लेखी देण्याची सक्ती करावी.

हे होईतो पालकांनी आपल्या बाजूने अर्ज दोन प्रतींत लिहावा. मुलाचे नाव, इयत्ता, कोणत्या दिवशी कोण काय म्हणाले, एवढेच लिहावे. शिव्याशाप लिहू नयेत, विनवण्याही करू नयेत. शाळेने अर्ज घेतला नाही तर तो पोस्टाने नोंदणी करून पाठवावा व पावती जपावी. आमच्या त्या रिक्षावाल्या गृहस्थांनी असाच अर्ज लिहिला. लेखनिकाने प्रथम तो हातात घेण्याचे नाकारले, मग वाचला, मग आत गेला. बाहेर येऊन त्याने दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घालून शिक्का मारला आणि मुलीचा अर्ज धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती, असाच पुढे पाठविला.