नाताळची सुट्टी येळवशीला द्या

ऑक्टोबर उजाडला की परदेशातल्या आपल्या मराठी मंडळातल्या गप्पांना एकच विषय पुरतो: नाताळात कुठे जायचं? कोणी कानकूनचं बुकिंग केलेलं असतं, कोणी पुंता कानाचं, कोणी हवाईत घर भाड्याने घेतलेलं असतं. बाहेर बर्फ, दुपार सरते न सरते तोच अंधार, शाळा बंद, ऑफिसं ओस. अशा दिवसांत ऊन आणि समुद्र हवासा वाटणारच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अलीकडे या बेतात एक भर पडली आहे. गावी जाण्याऐवजी आई-वडिलांनाच बेटावर बोलावून घ्यायचं. लातूरहून आई-बाबा, पुण्याहून दादा-वहिनी, इकडून आपण. भेटायचं फुकेतला, बालीला नाहीतर मॉरिशसला. कोणाच्या घरी पसारा नाही, कोणाच्या माथी स्वयंपाक नाही. आठवडाभर एकत्र राहायचं, फोटो काढायचे आणि विमानतळावरूनच एकमेकांचा निरोप घ्यायचा.

ही रीत आपण मोडावी, असं मला मनापासून वाटतं. ज्यांचं गाव नांदेड-लातूरकडे आहे आणि ज्यांचे आई-वडील अजून हिंडते-फिरते आहेत, त्यांनी नाताळची सुट्टी गावालाच द्यावी.

आपल्या मुलांनी आजी-आजोबा पाहिलेत ते बहुतेक पाहुणे म्हणून. सहा महिन्यांसाठी इकडे आलेले, गाडी चालवता येत नाही म्हणून घरात अडकलेले, दुकानात बोललेलं कळत नाही म्हणून नातवाला पुढे करणारे आजोबा मुलांना माहीत आहेत. रिसॉर्टवर तरी वेगळं काय होतं? नाश्त्याच्या टेबलापाशी आजी सुनेला विचारते, ‘यात अंडं नाही ना गं?’ आणि आजोबा लॉबीत पेपर शोधत बसतात. तेच आजोबा लातूरच्या गंजगोलाईत पाऊल टाकतात तेव्हा दोन पावलांवर कोणीतरी रामराम घालतं, आडतीवरचा जुना ओळखीचा माणूस चहा सांगतो, तुरीचा भाव काय निघाला यावर पाऊण तास बोलणं चालतं. तीच आजी आपल्या ओसरीवर उभी राहून चार जणांना कामाला लावते आणि तिचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. माणूस कळायला तो त्याच्या जागेवर दिसावा लागतो. लोक आपल्या आजोबांना कसे वागवतात, आजोबा कोणाच्या अडीअडचणीला धावतात, कशावरून चिडतात, हे नातवंडांनी पाहिलं तरच नातं फोनच्या पडद्यापलीकडे जातं. बेटावर मात्र सगळेच पाहुणे असतात. तिथे आजोबांकडे नातवाला दाखवण्यासारखं स्वतःचं काहीच नसतं.

शिवाय मराठवाडा पाहायला डिसेंबरसारखा महिना नाही. आपण एरवी जातो ते शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, जूनमध्ये. तेव्हा ऊन पुरतं उतरलेलं नसतं. पाऊस वेळेवर आला तर पेरणीच्या घाईत कोणाला बोलायला सवड नसते, आणि नाही आला तर घरादाराचे चेहरे उतरलेले असतात. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या गाडीचं चित्र जगभर पोचलं, आणि इथे वाढलेल्या कितीतरी मुलांच्या मनात लातूर म्हणजे तेवढंच राहिलं आहे. डिसेंबरात याच जिल्ह्यात ज्वारी कणसात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तूर काढणीला टेकलेली असते. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारच्या उन्हात अंगणात बसवतं. आपल्या मातीचं भरलेलं रूप मुलांनी पाहायचं ते याच दिवसांत.

आणि याच दिवसांत येते येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. हा सण लातूर-धाराशिवचा आणि सीमेपलीकडच्या बिदर-कलबुर्गीचाही. २०२२ साली ती २ जानेवारीला होती आणि पुन्हा २३ डिसेंबरला आली. २०२४ साली ३० डिसेंबरला. म्हणजे अनेकदा ती आपल्या नाताळच्या सुट्टीत अलगद बसते. लातूरचे जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ बंद असते, आणि संचारबंदी लागावी तसे शहरातले रस्ते मोकळे होतात, कारण सगळं लातूर शेतात गेलेलं असतं. शेतात कडब्याची कोप उभी करतात, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेल्या आंबिलीचं मडकं घरून डोक्यावर आणतात. ओल्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे, पावट्याचे दाणे बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या असा बेत असतो. पूजा झाली की आरोळी देत शेतभर आंबील शिंपडतात आणि मग बांधावर, झाडाखाली पंगती बसतात. दिवस मावळताना पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, पिकाभोवती फिरवला जातो. तो कोणी धरायचा यावरून पोरांत चढाओढ लागते, आणि न्यू जर्सीहून आलेला नातूही त्या चढाओढीत आपोआप सामील होतो.

नांदेडकरांना त्याच सुमाराला माळेगावची जत्रा आहे. नांदेडहून लातूरला जाताना लोहा ओलांडलं की माळेगाव लागतं. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, येळवशीच्या अलीकडे-पलीकडे तिथे खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो, वाघ्या-मुरळी येतात. घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार दूरवर पसरलेला असतो आणि भटक्या जमातींचे तळ पडलेले असतात. जिल्हा परिषद कुस्त्या लावते, पशुप्रदर्शन भरवते, लावणी महोत्सव घेते. कंधारची लालकंधारी आणि देवणीची देवणी या आपल्या भागातल्या गोवंशाच्या दोन जाती. त्यांतली बैलजोडी कशी पारखायची हे जाणणारे आजोबा आज हयात आहेत. ते ज्ञान रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाकाठी कसं सांगणार?

हुरड्याचंही तसंच. पहाटे शेतात आगटी करायची, गोवऱ्यांचा आर झाला की त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळावं लागतं. थंड झालं की दाणे सुटत नाहीत. आजोबांचे राकट हात ते सहज करतात. नातू एकदा चटका बसून हात झटकतो, दुसऱ्यांदा आजोबा त्याच्या हातांवर आपले हात ठेवून चोळून दाखवतात. मग फुंकर मारून भुसा उडवायचा आणि जवसाच्या चटणीबरोबर हिरवे दाणे तोंडात टाकायचे. या सगळ्यात भाषा अडत नाही. तुटकं मराठी बोलणारं मूलही तिथे बिनधास्त रमतं.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. सर्वांत खरा आक्षेप बायकांचा. बेटावर गेलं की निदान आठ दिवस स्वयंपाकघर दिसत नाही; सासरी गेलं की सुट्टी ओट्यापाशीच संपते. येळवशीचा स्वयंपाक तर मध्यरात्रीच सुरू होतो. या कष्टांवर सणाचं कौतुक पांघरणं अन्यायाचं ठरेल. म्हणून माझं म्हणणं असं, की गावी जायचा आग्रह धरणाऱ्या पुरुषाने आधी कामाची वाटणी मान्य करावी. दाणे सोलणं, भाज्या निवडणं, चूल सांभाळणं, वाढणं, भांडी घासणं हे त्याच्याकडे. भाकरी-पोळ्या आता आपल्याकडच्या शहरांत विकतही मिळतात, त्या आणल्या म्हणून सण बाटत नाही. आणि सुट्टीतले निम्मे दिवस तिच्या माहेरचे, हे ठरवूनच तिकीट काढावं.

दुसरा आक्षेप: आमचं शेत कधीच विकलं, आता शेतात जायचं कोणाच्या? लातूरकरांना याचं उत्तर माहीत आहे. येळवशीला ज्याला शेत नाही त्यालाही घरी बसू देत नाहीत. शेजारी, ऑफिसातले सोबती, भाडेकरू, डॉक्टर, मास्तर, सगळ्यांना कोणाचं ना कोणाचं बोलावणं असतं.

तिसरा आक्षेप मुलांच्या कंटाळ्याचा आणि आजारपणाचा. उकळलेलं पाणी, नेहमीची औषधं आणि उघड्यावरचं खाणं टाळणं एवढी काळजी घेतली तर थंडीचे दिवस त्यातल्या त्यात सोपे जातात. कंटाळा येतो तो दिवसभर नातेवाइकांच्या घरी चहा-पोह्याला फिरवल्याने. ते फिरणं कमी करावं. उदगीरचा आणि कंधारचा किल्ला दाखवावा, खरोशाची लेणी दाखवावीत, नांदेडला गोदावरीकाठच्या सचखंड गुरुद्वारात लंगरला बसवावं. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला ते ठिकाण आपल्या गावात आहे, ही गोष्ट मुलांना इकडच्या वर्गात अभिमानाने सांगता येईल.

तिकिटं महाग असतात हेही खरंच; पण कुटुंबाच्या तीन शाखा तीन दिशांनी एका बेटावर उतरवण्याचा खर्चही कमी नसतो. हैदराबादला उतरलं तर नांदेड आणि उदगीर-लातूर दोन्हीकडे दिवसाउजेडी पोचता येतं. येळवस दरवर्षी सुट्टीत बसेलच असंही नाही; २०२४च्या जानेवारीत ती ११ तारखेला होती. तशा वर्षी हुरडा आहेच.

बेटाचीच गोष्ट निघाली म्हणून मॉरिशसच्या मराठी माणसांची आठवण करून देतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून तिथे गेलेल्या लोकांना गावी ये-जा करणं जवळपास अशक्य होतं. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर असे मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. या माणसांनी गणपती आणि झाकडी पिढ्यान्‌पिढ्या जपली. गणेश चतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ये-जा करायची सोय नसताना त्यांनी एवढं टिकवलं. आपल्याला एका दिवसात हैदराबाद गाठता येतं, गावात घर आहे, त्या घरात आई-वडील आहेत. एवढं हाताशी असताना भेटीसाठी तिऱ्हाईत जागा निवडणं मला पटत नाही.

म्हणून मंडळासमोर एक सूचना ठेवतो. दर उन्हाळ्यात मंडळाच्या अंकात पुढच्या येळवशीची आणि माळेगावच्या जत्रेची तारीख छापावी. ज्यांच्या घरी अजून शेत आहे त्यांनी आपल्या शेतात किती पाहुणे बसू शकतील ते मंडळाला कळवावं, म्हणजे ज्यांचं शेत गेलं त्यांनाही बोलावणं मिळेल. आणि बेटाचं बुकिंग करण्याआधी प्रत्येकाने घरी एक फोन करून आई-बाबांना विचारावं, तुम्हाला नातवंडं कुठे भेटायला हवीत? बहुतेक घरांतून उत्तर एकच येईल. या वर्षी त्यांचं ऐकू या.