सॉफ्टवेअरच्या मरणाची आवई

कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल तो प्रोग्रॅम घटकाभरात लिहून देते, तेव्हा ईआरपी आणि हिशेबाची सॉफ्टवेअरे विकत घेण्याचे दिवस सरले, असे हल्ली छातीठोकपणे सांगितले जाते. दाखला दिला जातो स्वीडनच्या क्लार्ना कंपनीचा. २०२४ मध्ये तिने ग्राहकांच्या नोंदी ठेवणारे सेल्सफोर्सचे सॉफ्टवेअर सोडल्याचे सांगितले. मात्र त्याची जागा भाषा मॉडेलने घेतलेली नाही, असा खुलासा तिच्याच प्रमुखांनी २०२५ मध्ये केला, तो सहसा कोणी सांगत नाही. प्रोग्रॅम लिहिणे स्वस्त झाले हे खरे. म्हणून सॉफ्टवेअरची मागणी आटेल, हे अनुमान चुकीचे. कारखानदार पैसे मोजतो ते नोंद बिनचूक राहावी आणि चुकल्यास कोणाला तरी जाब विचारता यावा म्हणून.

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीने दोनशे कास्टिंग मशिनिंगसाठी कोल्हापूरजवळच्या शिरोलीला धाडली असे धरू. सीमेवरची कोगनोळी ओलांडली की राज्य बदलते. त्यामुळे माल विकलेला नसला, किंमत किरकोळ असली, तरी जॉबवर्कच्या मालाला ई-वे बिल लागतेच. एरवीची ५० हजारांची सवलत इथे नाही. वर्षभरात माल परत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी तो विकला असे जीएसटी कायदा धरतो. एकशे नव्वद नग आले, आठ रिजेक्ट झाले, दोन तिकडेच राहिले, तर त्या दोन नगांचा माग चलनागणिक ठेवावा लागतो. ग्राहकाची तक्रार आली की हीट नंबर (भट्टीतील घाणीचा क्रमांक) काढून त्या ओतकामाचा तपासणी अहवाल दाखवावा लागतो. भाषा मॉडेल चलन झटकन वाचेल, पण त्याचे उत्तर अदमासाचे; बहुतेक वेळा बरोबर असलेली खतावणी काय कामाची? शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणे सक्तीचे आहे.

यावर कोणी म्हणेल, नियमांनी बांधलेले असे सॉफ्टवेअरही यंत्रच लिहील. लिहीलही. पण नवी अधिसूचना निघाल्यावर ते बदलणार कोण, आणि चुकीचे विवरणपत्र गेले तर नोटिशीला उत्तर देणार कोण? खरा खर्च या देखभालीचा असतो. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाच कारकुनांचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक एजंट करू लागला, तर पाच लॉगिन कोणी घेणार नाही. माणशी दर लावणाऱ्या विक्रेत्यांचा धंदा खालावेल, आणि तो खालावलाच पाहिजे.

दुसरीकडे मागणी वाढेल ती आजवर चलनबुकावर भागवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये. तिथे अडचण होती इंग्रजी पडद्याची आणि ऑपरेटरच्या पगाराची. सुपरवायझरने मराठीत किंवा कन्नडमध्ये आकडे सांगितले आणि नोंद झाली, तर ती साठवायला भक्कम सॉफ्टवेअर लागणारच. ही नुसती आशा आहे, असा आक्षेप येईल. पण १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आले, आकडेमोड ज्याच्या त्याच्या हाती गेली, तरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची गरज संपली नाही. टॅलीचा जन्म तर त्यानंतरचा, १९८६ चा. म्हणून उद्योजकाने सॉफ्टवेअर टाकण्याची घाई करू नये. माणशी दराचे लांबलचक करार टाळावेत आणि आपली सगळी माहिती हवी तेव्हा बाहेर काढून मिळेल, ही अट आधी लेखी घ्यावी.