संगणकशास्त्रातील पीएच्.डी.चा प्रवेश : गुण आणि प्रश्न

झाशीचे नाव मराठी वाचकास परके नाही. परंतु त्याच जिल्ह्यातील टहरौली हे तहसिलीचे गाव फार थोड्यांस ठाऊक असेल. अशा गावातून निघून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळविलेल्या तरुणास किंवा तरुणीस पीएच्.डी.चा मार्ग धरावयाचा असेल, तर पहिली गाठ पडते ती आकड्यांशी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण असावे लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असेल, तर ही अट ७५ टक्क्यांची आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अपंग आणि आर्थिक दृष्ट्या दुर्बल उमेदवारांस पाच टक्क्यांची सवलत आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. ‘गेट’ परीक्षेचे गुण आणि संस्थेची स्वतःची चाचणी व मुलाखत अशी त्यांची सर्वसाधारण रीत आहे.

२०२४ पासून आयोगाने विद्यापीठांच्या पीएच्.डी. प्रवेशासाठी ‘नेट’ परीक्षेचे गुण ग्राह्य धरावयास सांगितले. ज्यांस कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती मिळते त्यांची निवड मुलाखतीवर होते. इतरांच्या बाबतीत परीक्षेस ७० आणि मुलाखतीस ३० टक्के वजन दिले जाते, आणि हे गुण एक वर्षच चालतात. तीन तासांत १५० प्रश्न, प्रत्येकापुढे चार पर्याय! त्यांतील १०० प्रश्न संगणकशास्त्राचे आणि ५० सामान्य स्वरूपाचे असतात.

येथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर चार पर्यायांत छापता येते, त्याचे उत्तर कोणास तरी आधीच ठाऊक असते. संशोधन मात्र जेथे उत्तर ठाऊक नाही तेथूनच सुरू होते. रेषीय नियोजनाचेच उदाहरण घ्यावे. मर्यादित साधनसामग्री अनेक कामांत अशी वाटावी की खर्च कमीत कमी यावा, हा तो प्रश्न. कारखान्यापासून रेल्वेच्या मालवाहतुकीपर्यंत तो सर्वत्र भेटतो. डँट्झिग यांनी १९४७ साली त्यासाठी एक पद्धत दिली आणि व्यवहारात ती उत्तम चालली. परंतु काही उदाहरणांत तिला लागणाऱ्या पायऱ्या भयंकर वेगाने वाढत जातात, असे क्ली आणि मिंटी यांनी १९७२ साली दाखविले. १९७९ साली खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने ही वाढ आटोक्यात ठेवणारी रीत सिद्ध केली. पण प्रत्यक्ष आकडेमोडीत ती मंद ठरली. तत्त्वतः शीघ्र आणि व्यवहारातही उपयोगी, अशी रीत आहे काय? ग्वाल्हेरला जन्मलेले, मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले आणि बर्कली येथे पीएच्.डी. केलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली तशी रीत पुढे मांडली. १९८३ सालच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत तिचा पर्याय छापता आला नसता.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही, की परीक्षा उमेदवाराचे तोंड पाहत नाही. मुलाखतीत सफाईदार इंग्रजी, ओळखीपाळखी, मोठ्या महाविद्यालयाचे नाव यांचे दडपण येते. टहरौलीच्या विद्यार्थ्यास छापील प्रश्नपत्रिकेतच अधिक न्याय मिळेल, असे म्हणणारे लोक त्याचे हितचिंतकच असतात. तेव्हा परीक्षा काढून टाकावी, असे कोणीही सुचवू नये. २०१६ च्या मूळ नियमांत ती पात्रतेपुरती होती : ५० टक्के मिळाले की उंबरठा ओलांडला. ही मर्यादा योग्य होती. पुढील क्रम ठरविताना उमेदवाराने स्वतः लिहिलेल्या चार पानांच्या संशोधन-प्रश्नास वजन असावे, ही पाने नाव झाकून तपासावीत आणि ती हिंदीत किंवा मराठीत लिहिण्यासही मुभा असावी. बुंदेली बोली संगणकास उमगावी, तर तिच्या ध्वनिमुद्रणांचा साठा इतका तोकडा असताना हे कसे साधावे? हा प्रश्न टहरौलीच्या मुलीस जितक्या नेमकेपणाने मांडता येईल, तितका दिल्लीच्या मुलास येणे कठीण. चार पर्यायांच्या परीक्षेत तिचा हा ठेवा शून्य गुणांचा आहे.

दुसरी अडचण मार्गदर्शकाची. प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यास नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे विभागातील जागा गुणांनी वाढत नाहीत. त्या माणसांनी वाढतात. मार्गदर्शकांची व त्यांच्या विद्यार्थ्यांची यादी विद्यापीठाने प्रसिद्ध ठेवावी, असा नियम आहे. उमेदवाराने अर्ज करण्यापूर्वी ती वाचावी आणि त्या व्यक्तींचे निबंधही वाचावेत. शिकवणीवर्गांच्या गर्दीत हे काम सहसा राहून जाते. (शिकवणीवर्गास त्यात मिळकत नाही, हेही खरे.)

प्रवेशानंतरच्या अटी त्या मानाने समंजस आहेत. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगतीचे निवेदन आणि शेवटी बाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडून प्रबंधाची तपासणी. प्रबंधापूर्वी नियतकालिकात निबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती २०२२ मध्ये गेली, हे फार चांगले झाले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा तिच्यावर पोसला जात होता.

काळ किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा; स्त्रियांस आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांस आणखी दोन वर्षे मिळू शकतात. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, पण ती थोड्यांच्याच वाट्यास येते. इतरांपैकी कित्येकांस घरच्या शेतीवर किंवा एखाद्या महाविद्यालयातील नोकरीवर वर्षे काढावी लागतात. नोकरी करणाऱ्यास संस्थेच्या ना-हरकत पत्रावर अंशकालीन पीएच्.डी. करता येते. ते पत्र देताना, नोकरीच्या कामातून संशोधनास पुरेसा वेळ देता येतो हे महाविद्यालयास लिहून द्यावे लागते, असे वाचणाऱ्याने अवश्य सांगावे; कारण नियमांनी ते वचन त्या पत्रातच मागितले आहे.