तालुक्याची बातमी आपणच जगवू या

दिल्लीत कोण कोणाला काय बोलले, हे आपल्याला घटकाभरात कळते. पण आपल्या पंचायत समितीच्या परवाच्या सभेत काय ठरले, नळयोजनेची फाइल कुठे अडली, शाळेच्या गळक्या खोलीसाठी निधी आला की नाही, हे कोणाला विचारावे? सांगणारा सापडत नाही. कारण हे लिहिणारा बातमीदारच आपल्यातून कमी होत चालला आहे.

तालुक्याची साप्ताहिके, जिल्ह्यांची छोटी दैनिके धापा टाकत आहेत. कागद महागला, छपाई महागली, दुकानदाराची जाहिरात मोबाइलवर गेली. मोठ्या दैनिकाच्या गावोगावच्या वार्ताहरालाही बहुधा पगार नसतो. असते ते तुटपुंजे मानधन आणि जाहिरातीवरचे कमिशन. ज्या पुढाऱ्याकडे वाढदिवसाची जाहिरात मागायची, त्याच्याच कारभारावर लिहायचे! कसे लिहावे त्याने?

२००९च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण आपल्याच राज्यात गाजले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणले. तेव्हा आपण सगळेच चिडलो, आणि ते रास्तच होते. पण एक विचारू या: वर्तमानपत्राचा खरा खर्च आपण वाचकांनी कधी उचलला? अंकाच्या किमतीत कागद आणि छपाईही धड भागत नाही. उरलेले पैसे जाहिरातदार भरतो. मग शब्द कोणाचा चालणार?

हे दुखणे जुनेच आहे. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी ते तीन-साडेतीन वर्षांत थांबले. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. हाताखाली माणूस ठेवायला पैसा नाही, म्हणून चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत. शेवटी त्यांनी अग्रलेखातूनच वाचकांपुढे हिशेब मांडला आणि पत्राच्या ऋणाची आठवण करून दिली. १९२९ मध्ये तेही पत्र बंद पडले. इतक्या मोठ्या माणसाच्या लेखणीलाही वर्गणीदार लागत होते.

आणि उलटेही घडले आहे. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ हाती घेतले आणि अर्धशतकाहून जास्त काळ चालवले, तेही तत्कालीन नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. तेव्हा खेड्यात हे झाले. आज आपल्या तालुक्याच्या गावात का होऊ नये?

व्हायलाच हवे, कारण छोट्या बातमीची ताकद आपण पाहिलेली आहे. ‘आरोग्य केंद्रात श्वानदंशाची लस नाही’ अशी दोन कॉलमी बातमी सकाळी छापून येते. दुपारपर्यंत जिल्ह्याहून फोन फिरतात, संध्याकाळी लस पोहोचते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निनावी फॉरवर्डचा जाब कोण देणार? बातमीखाली नाव असते, म्हणून खुलासा मागता येतो.

त्या नावाची किंमतही मोठी असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडून मारण्यात आले. बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीबद्दल ते लिहीत होते. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्येच केला होता. पण नुसत्या कायद्याने भागत नाही, गाव मागे उभे राहावे लागते. आपल्या वार्ताहराला धमकी आली, तर पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत दहा-वीस जणांनी तरी जायला हवे.

बाकीचे आपल्या आवाक्यातले आहे. तालुक्याच्या एका पत्राची वर्षाची वर्गणी भरू या, पावती घेऊन. पुण्या-मुंबईला, दुबई-अमेरिकेला गेलेल्यांनी आपल्या गावच्या पत्रासाठी हे मनावर घ्यावे. ऑनलाइन पैसे पाठवायला दोन मिनिटे पुरतात. दुकानदारांनी छोटी का होईना, महिन्याची ठरावीक जाहिरात द्यावी, बातमीवर हक्क न सांगता. गावच्या वाचनालयाने अंक बांधून ठेवावेत. शिक्षकांनी मुलांना ग्रामसभेत बसवून चार ओळींचा वृत्तांत लिहायला लावावा, आणि संपादकांनी तो छापावा. चुकीची बातमी आली, तर पत्र लिहून दुरुस्ती मागू या. चांगली आली, तर तेही आवर्जून कळवू या.

संपादकांनाही एक विनंती: पैसे घेऊन छापलेला मजकूर जाहिरात म्हणूनच छापा, तसे ठळक लिहा. वर्गणीदार वाढवायची जबाबदारी आम्ही घेतो.

६ जानेवारीला, ‘दर्पण’ या आद्य मराठी वर्तमानपत्राच्या स्मरणार्थ, आपण पत्रकार दिन साजरा करतो. शाल-श्रीफळ जरूर द्या. पण यंदा त्यासोबत आपल्या गल्लीतल्या, सोसायटीतल्या नव्या वर्गणीदारांची यादीही त्या बातमीदाराच्या हाती ठेवू या. नावे गोळा करायला आजपासूनच लागू या.