ब्रेक नवे, धूळ जुनी

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र अजून अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये कापडाखाली जपलेल्या दिसतात. रविवारी सकाळी कापड निघते, जॅक लागतो आणि वडिलांच्या गाडीवर मुलाचे हात चालू लागतात. इंजिन झाले, रंग झाला की पाळी येते ब्रेक आणि सस्पेन्शनची.

ही हौस योग्यच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. उतारावर ते तापतात आणि तापले की पकड सैल होते. आजच्या रहदारीत पुढच्या चाकांना डिस्क बसवणे, थकलेले शॉकअप बदलणे यात शौकापेक्षा शहाणपण जास्त आहे. प्रश्न नव्या सामानाचा नाही. जुने काढताना काय होते, त्याचा आहे.

ड्रम उघडला की आत राखाडी भुकटी साठलेली असते. मेकॅनिक काय करतो? फुंकर मारतो, नाहीतर कॉम्प्रेसरची हवा सोडतो. मग शूला पॉलिश पेपर घासतो. जुन्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. ब्रेकच्या उष्णतेने त्याचे बरेचसे तंतू नष्ट होतात हे खरे, पण सगळे नाही. आणि लायनर घासताना तर न तापलेला थरही मोकळा होतो. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, खोकला आणत नाहीत, घसा खवखवत नाही. फुप्फुसात खोल जाऊन बसतात. फुप्फुसाचा कर्करोग किंवा फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा दिसू लागतो तो वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. त्या वेळी रुग्णाला गॅरेजमधली ती वर्षे आठवतही नाहीत, आणि आठवण करून देणारा प्रश्न डॉक्टरही क्वचितच विचारतात. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पट वाढतो.

गॅरेजमधल्या कामगारांना नेमका किती धोका, यावर संशोधकांत वाद आहे. इन्सुलेशनच्या कामात जितका दिसला, तितका तो सर्व पाहण्यांत दिसलेला नाही. पण त्या वादाचा फायदा कुणाला द्यायचा? युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉस बंद केले. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये उरलेल्या क्रायसोटाइलवर, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक लायनरवरही, बंदीचा नियम काढला. भारतात अशी सरसकट बंदी नाही. त्यामुळे नवा लायनर घेताना ‘अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त’ असे पाकिटावर वाचूनच घ्यावा, आणि जुना लायनर अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे.

उपाय फार खर्चिक नाही. ड्रम काढण्याआधी आणि काढल्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून भुकटी ओली करायची, ओल्या फडक्याने पुसायची, फडके पिशवीत बांधून टाकायचे. हवा मारायची नाही, झाडूही नाही. रुमाल बांधून भागत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा पी-१०० फिल्टरचा मास्क हवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, कारण धूळ घरात येते ती कपड्यांवरूनच.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑईलची. ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायची सवय घातक आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यातले विष होते डायएथिलीन ग्लायकॉल. ब्रेक ऑईल त्याच ग्लायकॉल कुटुंबातले, काहींत तर हेच रसायन असते. चव गोडसर. प्यायलेले मूल सुरुवातीला नुसते झिंगल्यासारखे वाटते, उलट्या होतात, मग बरेही वाटते. एक-दोन दिवसांनी लघवी कमी होऊ लागते. त्या मधल्या ‘बरे वाटण्या’वर विसंबून घरी थांबणे हीच मोठी चूक. मुलाला ओकायला लावू नये. बाटली सोबत घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे.

सस्पेन्शनचा धोका मात्र क्षणात कळतो. पुढची दाबलेली कॉइल स्प्रिंग निसटली तर बोटे, जबडा, डोळा, काहीही जाते. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय तिला हात लावू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीच शिरू नये. विटांवरही गाडी टेकवू नये. वीट अचानक फुटते. चांगले स्टँड लायनरच्या एका सेटपेक्षा फार महाग नसतात.

हौशी मालक हे सगळे एक-दोनदा करतो. मदतीला बोलावलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा हेच रोज करतो, चार-पाच गाड्यांवर, तोंडाला काही न बांधता. मालकाने स्वतःसाठी मास्क आणला तर दुसरा त्याच्यासाठी आणावा, आणि हवेचा पाइप त्याच्या हातात द्यायच्या आधी पाण्याची बाटली द्यावी.